रात्रीला रात्र म्हणण्याचे धैर्य

२०२५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणकसेवा कंपनीने आपल्या सहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात माणसे कमी करण्याचा इरादा जाहीर केला. आकडा देशभरचा होता आणि टक्केवारी तशी लहान होती. अठ्ठ्याण्णव टक्के माणसांच्या नोकऱ्या शाबूत राहणार, असाही त्याच घोषणेचा अर्थ होत होता. परंतु भयाचे अंकगणित निराळे असते. दोन टक्क्यांत आपण आहोत की नाही हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे शंभरच्या शंभर माणसे त्या दोनांत जाऊन बसतात. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये याहून वेगळे काही घडणे शक्यच नव्हते. ज्या कंपन्यांनी काहीच जाहीर केले नव्हते, तेथील माणसेही वरिष्ठांच्या बोलण्यातील विराम मोजू लागली. बैठकीचे निमंत्रण आले तरी छातीत धस्स व्हावे आणि न आले तरी व्हावे, अशी ही अवस्था होय.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव. म्हातोबाच्या चैत्रातील बगाडयात्रेसाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध होते आणि आजही आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळाने तेथे संगणक-उद्योगासाठी जमीन घेतली, आणि पाव शतकात भाताच्या खाचरांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता तेथे रोज कामावर येणाऱ्यांची संख्या लाखांत मोजावी लागते. त्यांच्यावर किती संसार उभे आहेत, हे त्या इमारतींच्या बाहेर आल्यावर कळते. वाकड, माण, मारुंजी येथील भाड्याच्या सदनिका, खानावळी, डबे पोचवणाऱ्या बाया, रात्रपाळीचे मोटारचालक, वीस-वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेली घरे आणि या सर्वांच्या पलीकडे लातूर, बुलढाणा किंवा सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या गावात मुलाच्या मनिऑर्डरीची जागा घेतलेल्या बँक-संदेशाची वाट पाहणारे आईबाप, असा हा विस्तार आहे. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने नवीच भर घातली. गिरणी कामगाराला निदान संपाची तारीख ठाऊक असे. येथे आपले काम शिकून घेणारे यंत्र आपणच दररोज शिकवीत आहोत, ही जाणीव घेऊन माणूस खुर्चीवर बसतो.

पुणे शहराला भय नवे नाही. १८९६ च्या अखेरीस प्लेग आला आणि १८९७ च्या वसंतात रँडच्या हाताखालील सोजिरांनी घरे उघडून तपासण्यास प्रारंभ केला, तेव्हा रोगाची भीती मोठी की उपाययोजनेची, हे सांगणे लोकांना कठीण झाले होते. १९७६ सालच्या उत्तरार्धात जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने शहर असे गोठले की, तिन्हीसांजेनंतर ओळखीच्या आवाजालाही दार उघडताना लोक कचरत; मारेकरी चेहऱ्याने चारचौघांसारखे महाविद्यालयीन तरुण निघाले, ही गोष्ट तर त्या भीतीला पूर्वलक्षी प्रभावाने अधिकच गडद करून गेली. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला. शाळा-चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि साध्या मुखपट्ट्यांचा काळाबाजार झाला. त्या रांगांत रोग्यांपेक्षा भ्यालेल्यांची संख्या मोठी होती, आणि एवढ्या माणसांनी एकमेकांना खेटून उभे राहणे हाच संसर्गाचा राजमार्ग होता. पुढे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, तेव्हा हिंजवडीचे रस्ते प्रथमच रिकामे दिसले.

या साऱ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आढळते. भय सामूहिक असते, पण ते भोगताना प्रत्येक जण एकटा पडतो. प्लेगमध्ये शेजाऱ्याने शेजाऱ्याचे दार टाळले, १९७६ मध्ये पाहुण्याचे; आणि हिंजवडीत एका टेबलाशी बसणारे दोघे आज एकमेकांशी जपून बोलतात, कारण यादीत दोघांपैकी एकाचेच नाव असेल असे दोघांनाही वाटते. दुसरीकडे, १८९७ च्या त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांना दवाखान्यात पोचवीत राहिल्या आणि १० मार्च रोजी त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांना रोगाची भीती ठाऊक नव्हती असे मानण्याचे कारण नाही. भय असते, परंतु माणसाचे पाय कोठे वळावेत हे ते ठरवीत नाही, अशीही एक अवस्था मनुष्याला साध्य होते, एवढेच त्यावरून दिसते.

ही अवस्था शिकवता येते काय, हा खरा प्रश्न आहे. आणि येथेच हिंजवडीत अलीकडे परवलीचा झालेला ‘माइंडफुलनेस’ हा शब्द पुढे येतो. संगणक-कंपन्यांतून या नावाची व्याख्याने होतात, दुपारी अर्धा तास डोळे मिटून श्वासाकडे पाहण्याचे वर्ग चालतात, भ्रमणध्वनीवर घंटानाद करून शांत होण्याची आठवण देणारी साधने वाटली जातात. हा माल अमेरिकेतून आला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी एक उपक्रम सुरू केला. त्याचे मूळ ब्रह्मदेशी विपश्यनेत आणि झेन पंथात होते. तेथून तो रुग्णालयांत, मग शाळांत, मग मोठ्या कंपन्यांत गेला आणि अखेर कंपन्यांबरोबर हिंजवडीत उतरला. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी जेथून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहेत, तेथे बुद्धाची शिकवण समुद्रापलीकडून इंग्रजी वेष्टनात यावी, यात गंमत आहे. परंतु ज्ञान कोणत्या बंदरातून आले यावरून त्याची किंमत करू नये, हेही खरे.

शंका वेगळ्याच गोष्टीची आहे. ज्या आठवड्यात माणसे कमी करण्याची चर्चा सुरू होते, त्याच आठवड्यात मनःशांतीच्या वर्गाचे निमंत्रण यावे, हा योगायोग वारंवार घडू लागला तर वर्गाचा हेतू काय, असे कोणीही विचारील. अशा वर्गांत सांगितले जाते की, ताण हा परिस्थितीत नसून परिस्थितीकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. वाक्य अर्धे खरे आहे, आणि अर्धसत्याचा जो उपयोग सत्ताधारी नेहमी करतात तोच त्याचाही होतो. हप्ता थकला तर बँक दृष्टीकडे पाहत नाही.

बुद्धाने भयाविषयी काय सांगितले, हे मुळातून पाहिले तर चित्र पुष्कळच निराळे दिसते. पाली त्रिपिटकाच्या मज्झिमनिकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. जानुस्सोणी नावाचा ब्राह्मण बुद्धाला भेटतो आणि रानावनात एकटे राहणे किती अवघड, अशा अर्थाचे काही बोलतो. बुद्ध ते नाकारीत नाही. ज्ञानप्राप्तीपूर्वी आपल्यालाही तसेच वाटत होते, असे तो सांगतो. मग त्याने एक प्रयोग केला. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या अशा ज्या रात्री लोक विशेष मानीत, त्या रात्री तो अंगावर काटा आणणाऱ्या जागी, वनातील आणि वृक्षांखालील देवस्थानांत मुद्दाम जाऊन राहिला. एखादे जनावर जवळून जाई, मोर वाळकी काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे. आणि प्रत्येक वेळी मनात येई की, आले ते भय आता हेच. त्यावर त्याने असा निश्चय केला की, भय ज्या स्थितीत गाठील त्याच स्थितीत त्याचे निरसन करावयाचे. चालत असताना भय आले तर ते शमेपर्यंत थांबायचे नाही, बसायचे नाही. बसलेला असताना आले तर उठायचे नाही.

हा तपशील वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु भ्यालेल्या माणसाचे पहिले लक्षण असे की, त्याला आहे त्या जागी राहवत नाही. बसलेला उठतो, चालणारा पळू लागतो. आजच्या काळात हात खिशातील यंत्राकडे जातो आणि दर पाच मिनिटांनी नवी बातमी शोधू लागतो. स्थिती बदलली की भय गेले, असा भास होतो. वास्तविक ते माणसाच्या पाठोपाठ नव्या जागी येते आणि आता त्याला माणूस पळतो हेही कळलेले असते. बुद्धाने भयाला ही सवलत दिली नाही. मोराने पाडलेली काटकी ही काटकीच आहे हे दिसेपर्यंत तो तेथेच राहिला.

याच सुत्तात आणखी एक विधान आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. काही श्रमण-ब्राह्मण रात्र असताना तिला दिवस समजतात आणि दिवस असताना रात्र समजतात. बुद्ध याला संमोह म्हणतो. आपण मात्र रात्र असली तर रात्रच समजतो आणि दिवस असला तर दिवसच, असे तो सांगतो. आजच्या ‘सकारात्मक’ शिकवणीच्या गदारोळात हे विधान जवळजवळ बंडखोर वाटते. रात्रीला दिवस म्हणा, म्हणजे भय जाईल, असे बुद्ध सांगत नाही. रात्र आहे, तिच्यात किती अंधार आहे आणि किती केवळ सळसळ आहे, हे नीट पाहा, एवढाच त्याचा आग्रह आहे. पालीतील ‘सति’, संस्कृतातील ‘स्मृति’, ज्याला इंग्रजीत माइंडफुलनेस म्हणून ओळखतात, तिचा अर्थ हा आहे. शरीर, वेदना, चित्त आणि चित्तात येणारे विषय यांना जसे आहेत तसे, न वाढवता, न दडपता पाहणे. मराठीत धर्मानंद कोसंबी यांनी हे साहित्य मूळ पालीतून आणले. १८९९ मध्ये गोव्यातील साखवाळचे हे तरुण बुद्धधर्माच्या ओढीने घर सोडून पुण्यास आले, पुढे सिंहलद्वीपात भिक्षू झाले, ब्रह्मदेशात ध्यानाभ्यास केला आणि १९१२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. ‘समाधिमार्ग’ हे त्यांचे पुस्तक १९२५ चे. हिंजवडीतील ज्यांना या विषयाचे इंग्रजी ग्रंथ तोंडपाठ आहेत, त्यांच्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा असला तरी उत्तराबद्दल फारशी उत्सुकता बाळगण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात ध्यानाची जी पद्धती सर्वांत अधिक पसरली, तिचा जन्म मात्र रानात नव्हे, एका सरकारी कचेरीत झाला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सयाजी ऊ बा खिन हे रंगूनच्या अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा तेथील पहिले अकाउंटंट जनरल झाले. त्यापूर्वीच्या वर्षी आंग सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांची बैठकीतच हत्या झाली होती. स्वातंत्र्याबरोबर बंडाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि नव्या सरकारची सत्ता राजधानीबाहेर किती चालते, अशी शंका घेतली जात होती. अशा दिवसांत या गृहस्थाने आपल्या कार्यालयात ध्यानासाठी एक खोली राखून ठेवली आणि हाताखालच्या लोकांना विपश्यना शिकवली. ती खोली हिशेबतपासणीच्या कामाला फाटा देण्यासाठी नव्हती. जमाखर्च जसा आहे तसा पाहणे, त्यात आपल्या सोयीची रक्कम न लिहिणे, हा हिशेबनिसाचा धर्म आणि विपश्यनेचा धर्म, यांत फार अंतर नसावे.

त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका मंडालेचे व्यापारी. १९४२ मध्ये जपान्यांचे आक्रमण झाले तेव्हा हे कुटुंब ब्रह्मदेशातून डोंगरवाटा तुडवीत हिंदुस्थानात आले. युद्धानंतर परत गेले आणि भरभराटीस चढले. असह्य अर्धशिशीवर उपाय शोधता शोधता गोएंका १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे पोचले. १९६२ मध्ये लष्करी सत्ता आली आणि पुढील दोन वर्षांत उद्योगधंद्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. हयातभर उभारलेला कारभार हातातून गेला. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले. इगतपुरीचे धम्मगिरी १९७६ मध्ये शिबिरांसाठी खुले झाले. म्हणजे ज्या वर्षी पुण्याची दारे तिन्हीसांजेला बंद होत होती, त्याच वर्षी. आता पुण्यात स्वारगेटनजीक आणि आळंदीजवळच्या मरकळला केंद्रे आहेत. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरांसाठी रजेची सवलत दिली, शाळांतून आनापानाचा परिपाठ सुरू केला. २०१३ मध्ये गोएंकांचे निधन झाले, पण दहा दिवस मौन पाळून श्वास आणि संवेदना यांकडे पाहण्याची ही रीत चालू आहे, आणि तिचे शुल्क आकारले जात नाही, ही आजच्या बाजारात नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, मनःशांतीची ही विद्या सुखवस्तू काळाचे अपत्य आहे, असा जो समज आढळतो तो खोटा आहे. आक्रमण, पलायन, बंडाळी आणि एका रात्रीत बुडालेला धंदा यांतून ती चालत आली. ज्याचा उद्योग सरकारजमा झाला त्याला नोकरी जाण्याची भीती समजत नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही.

तरीही तिच्या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. दहा दिवसांचे मौन प्रत्येकाला मानवेल असे नाही. ज्यांना गंभीर मानसिक विकार आहे त्यांनी ध्यानाला बसण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे, हे उघड आहे, आणि शिबिरांत प्रवेश देतानाही आरोग्याची विचारपूस होते. रात्रीमागून रात्री झोप न येणारा, जगण्याचाच कंटाळा आलेला तरुण श्वासाकडे पाहत बसण्यापेक्षा मनोविकारतज्ज्ञाकडे गेला तर त्यात धर्माची कोणतीही हानी नाही. शिवाय, यादी केव्हा निघेल याचा नेम नसताना दहा दिवसांची रजा मागण्याचे साहस हिंजवडीत कोण करील? तेथे पुन्हा भयभेरव सुत्ताचीच वाट उरते. ज्या खुर्चीवर भय आले त्याच खुर्चीवर, उठण्यापूर्वी, उत्तर पाठवण्यापूर्वी, सहकाऱ्याच्या कानाशी लागण्यापूर्वी, काही श्वास थांबायचे.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. दुःखाचे मूळ समाजात असताना त्यावर मनात इलाज शोधणे, ही पळवाट नव्हे काय? हा आक्षेप बाहेरच्यांचा नाही. बौद्ध समाजातच विपश्यनेविषयी तो वर्षानुवर्षे घेतला गेला आहे, आणि त्यामागे डॉ. आंबेडकरांच्या विचाराचा आधार आहे. त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्षूविषयी थेट प्रश्न उभा केला. भिक्षू हा स्वतःला पूर्णत्वास नेणारा पुरुष आहे की समाजाचा सेवक? तो केवळ आत्मोन्नतीत गढलेला असेल तर पूर्ण असूनही स्वार्थीच ठरेल, अशा आशयाचे त्यांचे मत आहे. हिंजवडीपासून दहा-बारा किलोमीटरांवर देहूरोड आहे. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी, नागपूरच्या दीक्षेच्या सुमारे दोन वर्षे आधी, डॉ. आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. लष्करी डेपोच्या आसऱ्याने वाढलेल्या त्या वस्तीत जमलेल्यांना भय काय असते हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पाणवठ्याचे भय, वेशीचे भय, देवळाच्या पायरीचे भय. आणि ते एखाद्या जुलै महिन्यात जाहीर होऊन पुढे ओसरणारे नव्हते, पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. त्यांना ती मूर्ती मिटल्या डोळ्यांनी सोसत राहा, असे सांगण्यासाठी दिलेली नव्हती. भय हे निसर्गाने नव्हे तर माणसांनी निर्माण केले आहे, आणि म्हणून ते मोडता येते, हे पाहण्यासाठी दिलेली होती. रात्रीला रात्र म्हणण्याचेच हे दुसरे रूप आहे.

बुद्धाच्या चरित्रातही याला आधार आहे. मगधाचा अजातशत्रू वज्जींवर स्वारी करण्याचा बेत करतो आणि आपला मंत्री वस्सकार याला बुद्धाचे मत अजमावण्यासाठी पाठवतो. वैशालीवर संकट घोंघावत आहे. त्या वेळी वज्जी लोक ध्यान करतात की नाही, असे बुद्ध विचारीत नाही. तो आनंदाला विचारतो की, वज्जी वारंवार एकत्र जमतात काय? एकमताने जमून एकमताने उठतात काय? जोवर ते असे जमत राहतील तोवर त्यांची हानी होणार नाही, हा त्याचा अभिप्राय आहे. एकत्र जमणे हा भयावरचा उपाय म्हणून तेथे प्रथम क्रमांकावर येतो, कारण भयाचा पहिला घाव माणसांच्या एकत्र जमण्यावरच पडतो. हिंजवडीत संगणक-कर्मचाऱ्यांच्या काही संघटना अलीकडे उभ्या राहिल्या आणि कपातीविरुद्ध त्यांनी कामगार खात्याकडे दाद मागितली. आपण ‘कामगार’ आहोत हे मान्य करायलाच या वर्गाला वीस वर्षे लागली, हा भाग वेगळा.

मग ध्यान करायचे की जमायचे? हा प्रश्न ज्याला पडतो त्याने एक गोष्ट आठवावी, जी महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. पाठीवर पान पडले आणि आभाळ कोसळले म्हणून ससा पळत सुटला, त्याच्यामागे सारे रान पळाले. ही गोष्ट पाली जातकांत आहे. तेथे ताडाच्या पानावर बेलफळ पडते आणि सशाला पृथ्वी फुटली असे वाटते. पण बालपणीच्या गोष्टीत ज्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही, तो सिंह जातकात नायक आहे. तो पळणाऱ्यांच्या वाटेत उभा राहतो आणि विचारतो, पृथ्वी फुटताना कोणी पाहिली? वाघ गेंड्याकडे बोट दाखवतो, असे करीत करीत प्रश्न सशापर्यंत पोचतो. आणि मग सिंह त्याला पाठीवर घेऊन मूळ जागी जाऊन फळ पाहून येतो. पळत्या कळपात उभे राहायला आतून शांत असावे लागते. पण नुसता शांत उभा राहिला असता तर त्या कळपाला समुद्रात जाऊन पडण्यापासून तो वाचवू शकला नसता. त्याने विचारले, आणि जाऊन पाहिले.

कधी बेलफळच असते, कधी पृथ्वी खरोखरच फुटलेली असते. २००९ च्या रांगांत बहुतेकांच्या बाबतीत ते बेलफळ होते; १८९७ मध्ये तसे नव्हते. हिंजवडीत आज दोन्हींची मिसळण आहे. अमुक मजल्यावरचे अख्खे खाते उद्या बंद होणार, ही बहुधा सळसळ असते. पुनर्प्रशिक्षणाच्या नावाखाली काम काढून घेणे, राजीनामा ‘स्वेच्छेने’ लिहून मागणे, पन्नाशीच्या आतबाहेर असलेल्या मधल्या फळीला आधी गाठणे, ही भीती हवेत उत्पन्न झालेली नाही. या दोहोंत फरक करायला बसलेल्या जागी थोडे स्वस्थ बसता यावे लागते. राजीनाम्याच्या कागदावर त्याच बैठकीत सही करणारा आणि ‘नियम वाचून उद्या कळवतो’ असे म्हणून उठणारा, यांच्यातील अंतर कायद्याच्या ज्ञानाइतकेच त्या क्षणी श्वासावर असलेल्या ताब्याचेही असते. हिंजवडीच्या कोणत्याही कंपनीत होणाऱ्या माइंडफुलनेसच्या वर्गात हा उपयोग शिकवला जाईल अशी आशा बाळगण्यास जागा नाही, परंतु वर्गाला गेलेल्या माणसाने तो करू नये असा नियमही नाही.

बुद्धाने सतिपट्ठान सुत्त कुरूंच्या देशात सांगितले. तेथील लोकांविषयी पाली अट्ठकथेत एक मजेदार नोंद आहे. या देशात पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागीही वायफळ बोलणे होत नसे. बायका एकमेकींना विचारीत की, तू सध्या कोणते स्मृतिप्रस्थान साधते आहेस? कोणतेच नाही, असे कोणी म्हटले तर तिला बोल लावीत आणि शिकवीत. दास आणि मोलकरी यांच्यातही हेच बोलणे चाले. हिंजवडीच्या पहिल्या टप्प्यात, बसथांब्यामागील चहाच्या टपरीवर संध्याकाळी गळ्यातील ओळखपत्रे खिशात घालून जी मंडळी उभी राहतात, त्यांच्यातही एक प्रश्न ठरलेला असतो. तुमच्याकडे यादी निघाली का?